विक्री विभागाच्या वेतनातील अमेरिकी शेअर आणि त्यांवरील आयकर

आपण पुण्यात एका अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्री विभागाचे प्रमुख आहात. हाताखाली अकरा माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या वेतनात मूळ पगार व इन्सेंटिव्ह यांच्या जोडीला कंपनीच्या शेअरचा, म्हणजे आरएसयूचा (आधी कबूल केलेले आणि ठरलेल्या तारखांना नावावर होणारे शेअर), हिस्सा आहे. मार्चमध्ये शेअर खात्यावर जमा झाले. पत्रात शंभर लिहिले होते आणि खात्यात अडुसष्टच दिसले, यावरून कुरबुर सुरू झाली. एप्रिलमध्ये दोघांनी राजीनामे दिले. या शेअरवर कर नेमका कधी आणि किती लागतो, आणि हे टीमला समजावून सांगणे हे प्रमुखाचे काम आहे का, असे आपण विचारले आहे.

मी बावीस वर्षे सीए म्हणून काम करतो आहे आणि गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पगारदारांपैकी बरेच जण विक्री विभागातले आहेत. त्यांच्या अडचणी पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. हे शेअर ज्या दिवशी आपल्या नावावर होतात, त्या दिवशी ते पगार असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आपण स्वतः केलेली परदेशी गुंतवणूक असते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की कराचा हिशेबही चुकतो आणि टीममधला विश्वासही जातो. पुढे दिलेले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असल्यामुळे त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलतील, म्हणून मी कलमांऐवजी शक्यतो तरतुदीचा आशयच सांगतो.

आपल्या टीममधल्या शंभर शेअरचेच उदाहरण घेऊ. जमा होण्याच्या दिवशी शेअरचा भाव ८० डॉलर आणि डॉलरचा दर सोयीसाठी ८५ रुपये धरला, तर शंभर शेअरची किंमत ६,८०,००० रुपये होते. ही संपूर्ण रक्कम त्या महिन्याच्या पगारात जोडली जाते आणि फॉर्म १६ मध्ये दिसते. संबंधित व्यक्ती ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर ४ टक्के उपकरासह ३१.२ टक्के दराने २,१२,१६० रुपये कर होतो. कंपनीला हा कर टीडीएस म्हणून भरावाच लागतो, पण कर्मचाऱ्याच्या हाती रोख काहीच आलेले नसते. म्हणून बहुतेक कंपन्या त्याच दिवशी लागतील तेवढे शेअर विकून तो भागवतात. इथे बत्तीस शेअर विकले गेले, त्यांचे २,१७,६०० रुपये आले, कर भागून उरलेले ५,४४० रुपये पगारातून परत मिळाले आणि खात्यात अडुसष्ट शेअर राहिले. कोणी काही कापून घेतलेले नाही. सहा लाख ऐंशी हजारांच्या पगारावर जो कर रोखीने गेला असता, तोच शेअरच्या रूपाने गेला आहे. इन्सेंटिव्ह आणि शेअर एकाच महिन्यात आल्याने ज्यांचे वार्षिक उत्पन्न ५० लाखांच्या पुढे जाते, त्यांना करावर १० टक्के अधिभारही लागतो. त्यांना अडुसष्टाहूनही कमी शेअर दिसतील, आणि त्यांच्याशी हे आधीच बोललेले बरे.

आता दुसऱ्या दिवसापासूनचा भाग. त्या अडुसष्ट शेअरची खरेदी किंमत शून्य नसते. ज्या किमतीवर पगार म्हणून कर भरला, तीच किंमत, म्हणजे शेअरमागे ६,८०० रुपये, ही त्यांची खरेदी किंमत असते. ‘मला फुकट मिळाले होते’ असे म्हणून खरेदी किमतीच्या रकान्यात शून्य भरलेली विवरणपत्रे मी अनेकदा पाहिली आहेत. समजा हे शेअर पुढे ९५ डॉलरला विकले आणि तेव्हा डॉलरचा दर ८७ रुपये होता. शेअरमागे ८,२६५ रुपये आले, नफा १,४६५ रुपये आणि अडुसष्ट शेअरवर ९९,६२० रुपये. शेअर जमा झाल्यापासून २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवले असतील, तर हा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के व उपकर मिळून सुमारे १२,९५१ रुपये कर लागतो. त्याआधी विकले तर नफा आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिळतो आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला सुमारे ३१,०८१ रुपये द्यावे लागतात. हाच हिशेब खरेदी किंमत शून्य धरून केला, तर दीर्घकालीन दरानेही कर ७३,०६३ रुपयांच्या घरात जातो, म्हणजे एकाच रकमेवर माणूस दोनदा कर भरतो.

भारतातल्या नोंदणीकृत शेअरचे नियम इथे लावू नयेत. देशी शेअरला १२ महिन्यांनंतर दीर्घकालीन म्हणतात आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो. परदेशी शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेला असला, तरी आपल्या कायद्याच्या दृष्टीने तो या सवलतीच्या बाहेर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के कर लागत असे. आता निर्देशांक नाही आणि दर १२.५ टक्के आहे. अमेरिका मात्र तिथे न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर सर्वसाधारणपणे कर लावत नाही, त्यामुळे या नफ्यापुरता प्रश्न फक्त भारतातल्या कराचाच राहतो.

रुपया आणि डॉलरचा मुद्दा विक्रीतल्या माणसांना पटायला वेळ लागतो, कारण त्यांच्या पडद्यावर ब्रोकर सगळे डॉलरमध्ये दाखवतो. वरच्या उदाहरणात डॉलरमधला नफा १,०२० आहे आणि तो ८७ ने गुणला तर ८८,७४० रुपये येतात. खरा करपात्र नफा मात्र ९९,६२० रुपये आहे. मधला १०,८८० रुपयांचा फरक रुपया घसरल्याने झालेला नफा आहे आणि त्यावरही कर आहे. भाव ८० डॉलरवरच राहिला आणि डॉलर महागला, तरीही नफा निघतो. विक्रीच्या रकमेचे रूपांतर करताना, ज्या महिन्यात विक्री झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा भारतीय स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो दर) धरावा लागतो. आपल्या बँकेने प्रत्यक्षात कोणत्या दराने पैसे जमा केले, त्याचा इथे संबंध नाही. तोटा झाला असेल तर तोही जरूर दाखवावा. परदेशी शेअरवरचा अल्पकालीन तोटा देशी शेअरच्या नफ्यातूनही वजा करता येतो आणि विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर आठ वर्षे पुढे नेता येतो. कर भागवण्यासाठी कंपनीने विकलेल्या त्या बत्तीस शेअरची विक्रीही भांडवली नफ्याच्या तक्त्यात आली पाहिजे, नफा दहा-वीस रुपयांचा असला तरी.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. माझे स्पष्ट मत आहे की कर समजावणे हे प्रमुखाचे काम नाही, पण वेतनाचा अर्थ समजावणे हे निश्चितच आहे, आणि आपल्या टीममध्ये ते झालेले दिसत नाही. विक्रीतल्या माणसाची सवय तिमाहीची असते. टार्गेट गाठले, इन्सेंटिव्ह आला, हिशेब मिटला. शेअरचे पत्र त्याला त्याच डोळ्यांनी वाचावेसे वाटते. पत्रात २०,००० डॉलर लिहिलेले असतात, तो मनात ८५ ने गुणतो आणि घरी १७ लाख सांगतो. प्रत्यक्षात हे चार वर्षांत विभागलेले असतात, म्हणजे वर्षाला सव्वाचार लाख, आणि कर गेल्यावर २,९२,४०० रुपयांच्या मोलाचे शेअर, तेही भाव होता तिथेच राहिला तर. हा १७ लाख आणि २ लाख ९२ हजार यांतला फरक नेमणुकीच्या वेळी कोणी सांगितला नाही, तर तो मार्चमध्ये फसवणूक म्हणून समोर येतो. आपल्या दोघांनी राजीनामे का दिले हे मला माहीत नाही. पण शेअर हातात पडेपर्यंत थांबून मग निघून जाणारी माणसे बहुधा त्याआधीच मनाने गेलेली असतात, आणि पुढच्या शेअरच्या आशेवर त्यांना रोखणे फार काळ चालत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की शेअर जमा होण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक सहकाऱ्याला एक पान द्यावे. किती शेअर येणार, कर अंदाजे किती, त्यासाठी किती शेअर विकले जाणार आणि खात्यात किती दिसणार, एवढेच त्यावर असावे. आकडे वेतन विभागाकडून घ्यावेत आणि आपण स्वतः पंधरा मिनिटे समोर बसून ते वाचून दाखवावेत. हे सर्वांना एकत्र बसवून करू नये, कारण प्रत्येकाचा कराचा टप्पा आणि शेअरची संख्या वेगळी असते आणि बैठकीत लोक एकमेकांचे पगार मोजू लागतात. विकावे की ठेवावे, भाव कुठे जाईल, याबद्दल मात्र आपण एक शब्दही बोलू नये. वरिष्ठाने सहज म्हटलेले ‘मी तर ठेवणार आहे’ हे वाक्य हाताखालच्या माणसाला सल्ल्यासारखे वाटते, आणि भाव पडला की त्याचा दोष टार्गेटच्या चर्चेपर्यंत पोहोचतो.

याला आणखी एक गंभीर कारण आहे. तिमाहीचे आकडे जाहीर होण्यापूर्वी कोणता मोठा करार झाला आणि कोणता हातचा गेला हे विक्री विभागाला कळलेले असते. अशी अप्रकाशित माहिती हाती असताना कंपनीचे शेअर विकणे किंवा घेणे अमेरिकी रोखे कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि भारतात बसून ते केल्याने सुटका होत नाही. म्हणूनच कंपन्या तिमाही संपण्याच्या सुमारास व्यवहार बंद ठेवतात आणि निकालानंतर ठरावीक दिवसांसाठी खिडकी उघडतात. ज्यांना दर वेळी ही अडचण येते त्यांनी ‘टेन-बी-फाइव्ह-वन’ या नियमाखालची आधी ठरवलेली विक्री योजना कंपनीकडे मागावी. २०२३ पासून लागू झालेल्या बदलांनुसार संचालक व उच्चाधिकारी वगळता इतरांना योजना केल्यानंतर पहिला व्यवहार होईपर्यंत किमान ३० दिवस थांबावे लागते. टीमच्या पानावर ही खिडकी उघडण्याच्या तारखाही छापा.

आता ज्या भागात मला सर्वाधिक चुका दिसतात तिकडे येतो, आणि तो कराचा नाही, माहिती देण्याचा आहे. भारताचा सर्वसाधारण निवासी असलेल्या आणि परदेशी शेअर बाळगणाऱ्या प्रत्येकाला विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट, भरावे लागते. त्यामुळे आयटीआर-१ हा सोपा फॉर्म त्याला चालत नाही. आयटीआर-२ किंवा व्यवसाय असेल तर आयटीआर-३ लागतो. कर शून्य असो, शेअर एकच असो, विकलेला नसो, तरी माहिती द्यावी लागते. माझ्याकडे आलेल्या एका तरुण विक्री अधिकाऱ्याने चार वर्षे फॉर्म १६ संकेतस्थळावर चढवून आयटीआर-१ भरला होता. त्याचा कर पूर्ण भरलेला होता, एक रुपयाही लपवलेला नव्हता, आणि तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशी मालमत्तेबद्दलचा आयकर विभागाचा संदेश आला तेव्हा तो रात्रभर झोपला नव्हता. भारत आणि अमेरिका यांच्यात ९ जुलै २०१५ रोजी झालेल्या करारानुसार खात्यांची माहिती विभागाला आपोआप मिळते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या वर्षीचे विवरणपत्र आम्ही मुदतीत सुधारून दिले आणि मागच्या वर्षांचे कागद जुळवायला पुढचे दोन महिने गेले.

शेड्यूल एफए भरताना गोंधळ होतो तो वर्षाचा. उत्पन्न एप्रिल ते मार्च मोजतात, पण या परिशिष्टात जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरतात. २०२५-२६ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातली मालमत्ता येते. त्यामुळे मार्च २०२६ मध्ये जमा झालेले शेअर या वेळच्या फॉर्म १६ मध्ये पगार म्हणून असतील, पण परिशिष्टात पुढच्या वर्षी येतील. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये विकलेल्या शेअरचा नफा मागच्या विवरणपत्रात गेला असला, तरी ते शेअर या वेळच्या परिशिष्टात दाखवावे लागतात. ब्रोकरकडचे खाते ए-२ या तक्त्यात आणि शेअर ए-३ मध्ये, प्रत्येक वेळी जमा झालेला गट त्याच्या तारखेसह वेगळा. सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, अखेरची किंमत, मिळालेला लाभांश आणि विक्रीची रक्कम असे रकाने आहेत. पत्रात कबूल केलेले पण अजून नावावर न झालेले शेअर सहसा दाखवत नाहीत, कारण त्यांची मालकी आलेलीच नसते.

ही माहिती न दिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाखांपेक्षा जास्त नसेल तर हा दंड लागत नाही. यातून माहिती देण्याचीच गरज नाही असा अर्थ काही जणांनी काढला आहे. तो चुकीचा आहे. आणि विक्रीतल्या वरिष्ठ माणसाच्या खात्यात चार-पाच वर्षांत २० लाखांहून अधिक मूल्याचे शेअर सहज साठतात.

लाभांशाचे सोपे आहे. अमेरिकी ब्रोकरकडे डब्ल्यू-८बीईएन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत असे सांगणारा) भरलेला असेल तर भारताशी असलेल्या करारामुळे तिथे ३० ऐवजी २५ टक्के कर कापला जातो. १०० डॉलर लाभांशातले ७५ खात्यात येतात, पण भारतात उत्पन्न १०० च दाखवायचे. ३१.२ टक्के कर लागणाऱ्याला २५ ची वजावट मिळते आणि उरलेले ६.२ भरावे लागतात, २०.८ टक्के लागणाऱ्याला वजावट २०.८ पर्यंतच मिळते आणि वरचे परत येत नाहीत. या वजावटीसाठी फॉर्म ६७, म्हणजे परदेशात भरलेल्या कराचा तपशील, भरायला विसरू नये. लाभांश आणि शेअरविक्रीचा नफा यांवर भारतात टीडीएस होत नसल्याने, वर्षाचा उरलेला कर १० हजार किंवा त्याहून अधिक असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो.

आपल्या टीममधले काही जण स्वतःचे पैसे पाठवून दुसऱ्या कंपन्यांचेही अमेरिकी शेअर घेतात, असे आपण कळवले आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षभरात १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम गुंतवणुकीसाठी पाठवली, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. तो वेगळा कर नसून आपल्याच कराची आगाऊ वसुली आहे. विवरणपत्रात तो वळता होतो आणि पगारदार माणूस वेतन विभागाला कळवून त्याच वर्षीच्या टीडीएसमधून तो कमी करून घेऊ शकतो. पाठवलेले पैसे १८० दिवसांत गुंतवले नाहीत तर परत आणावे लागतात, आणि मार्जिनवरच्या, म्हणजे थोडी रक्कम भरून उधारीवर केलेल्या, व्यवहारांसाठी या योजनेखाली पैसे पाठवता येत नाहीत.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीचा मृत्यू झाला आणि तिच्या नावावर ६०,००० डॉलरपेक्षा जास्त मूल्याची अमेरिकी मालमत्ता असली, तर तिथे वारसा कराचे विवरणपत्र द्यावे लागते आणि कराचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकी कंपनीचे शेअर पुण्यातल्या माणसाचे असले, तरी ते अमेरिकी मालमत्ताच समजले जातात. भारतात मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये रद्द झाला आणि या कराबाबत दोन्ही देशांत करार नाही, त्यामुळे आपल्याकडच्या कुटुंबांना याची कल्पनाच नसते. ब्रोकर अमेरिकी कर विभागाचे हस्तांतर प्रमाणपत्र मागतो आणि ते येईपर्यंत खाते अडकून राहू शकते. आपल्या टीममधले जे सात-आठ वर्षे टिकले आहेत त्यांनी आपल्या शेअरचे मूल्य आज मोजून पाहावे आणि ते ६०,००० डॉलरच्या जवळ जाण्याआधी काही भाग विकून पैसे भारतात आणावेत, असे मी माझ्या स्वतःच्या पक्षकारांना सांगतो. दीर्घकालीन नफ्यातून भारतात घर घेतल्यास अटींनुसार त्या नफ्यावर सूटही मिळू शकते, तेव्हा घराचा विचार असलेल्यांनी विक्री आणि घराची खरेदी यांच्या तारखा जुळवून घ्याव्यात.

राजीनामा दिलेल्या दोघांनाही, ते गेले असले तरी, आपण एक फोन करावा असे मला वाटते. नावावर झालेले शेअर त्यांचेच आहेत आणि ब्रोकरचे खाते चालू राहणार आहे, पण ते बहुधा कंपनीच्या ई-मेलला जोडलेले असेल आणि तो पत्ता शेवटच्या दिवशी बंद होईल. खाजगी ई-मेल आणि मोबाइल क्रमांक त्यांनी आधी बदलून घ्यावा, शेअर जमा झाल्याची व विक्रीची सर्व विवरणे आणि वेतन विभागाकडून करपात्र मूल्याचा तपशील उतरवून ठेवावा. नव्या नोकरीच्या फॉर्म १६ मध्ये यातले काहीच नसेल, आणि शेवटचा शेअर विकेपर्यंत शेड्यूल एफए त्यांना दरवर्षी भरायचे आहे.